छाट

सकाळी सव्वासहाची बस, निपाणीहून.
तवंदी घाटात डोळा लागतो, हत्तरगीच्या टोलनाक्याला उघडतो.
साडेआठला मी टिळकवाडीत,
कॉलेजच्या तळमजल्यावर,
मायक्रोस्कोपला डोळा लावून.

समुद्र मी एकदाच पाहिलाय, शाळेच्या सहलीत, मालवणला.
तो कोमट होता.
हा थंड आहे: प्लास्टिकच्या डबीत दोन चमचे गाळ,
झाकणावर तारीख, खोली एकशे वीस मीटर,
आणि कुठल्याशा फ्योर्डचं नाव,
ज्याचा उच्चार हिरेमठ मॅडम एक करतात, मी दुसरा,
आणि बहुधा दोघीही चुकतो.

मॅडमनी फळ्यावर काढून दाखवलं होतं:
डोंगरांमध्ये शिरलेली समुद्राची लांब जीभ,
तोंडाशी पाण्याखाली खडक, उंबरठ्यासारखा.
बाहेरचं ताजं पाणी तो ओलांडायला
कधीकधी वर्षं लावतं.
आत तळाशी हवा संपते.
मासे निघून जातात.
हे राहतात.

हे म्हणजे एक पेशी
आणि तिनं बांधलेलं घर, रव्याच्या कणाहून बारीक.
काहींचं तर वाळूचंच,
कण कण निवडून, एकाला एक चिकटवून.
जागा पुरेना की पुढे एक खोली काढायची,
थोडी मोठी.
मागची मोडायची नाही.

ब्रशला मोजून तीन केस.
टोक जिभेवर ओलं करायचं नाही, मॅडमची ताकीद.
मी करते. आईही दोरा दातानंच तोडायची.

काळ्या स्लाइडवर साठ चौकोन.
गुलाबी रंग चढला तो गोळा करताना जिवंत होता.
पांढरं राहिलं ते नुसतं घर.
तीनशे मोजायचे, तीनशेला थांबायचं.
मी एक, दोन म्हणते की ओंदू, एरडू,
माझं मलाच कळत नाही.
शंभरानंतर आकडा ओठांवर नसतोच,
बोटांत असतो.

आईचाही बोटांतच असायचा. दिवसाला हजार.
मांडीवर सूप, सुपात पानं, जर्दा, दोरा,
पंचवीसचा कट्टा.
संध्याकाळी चेकर कन्नडमधून मोजायचा
आणि मराठीतून छाटायचा:
ही सैल, ही फाटकी, ही आखूड.
छाटीचे पैसे नाहीत.
छाट मात्र तो घरी घेऊन जायचा.

रविवारी तिला मोबाइलवर फोटो दाखवला.
गोल गोल गुंडाळलेला एक जीव,
शेवटची खोली आत दुमडल्यासारखी.
आक्काताईनं चष्मा कपाळावर चढवला,
फोन नाकाशी धरला.
तंबाखूनं कायमचं पिवळं झालेलं नख
त्या गुलाबीवरून फिरलं.

"कुणी वळलंय गं ह्ये?"
कुणी नाही. त्यानंच.
"अंधारात?"
अंधारात.
"अन् हवाबी न्हाई म्हणतीस?"
नसल्यातच जमा.

बराच वेळ बघत राहिली.
"तोंड बघ कसं बंद केलंय.
ह्याची छाट काढून दाखवू दे की कुणी."

मग विचारलं, दिवसाला किती?
तीनशे, म्हटलं.
हसली, तोंडावर पदर धरून, खोकला येईपर्यंत.
"तीनशे! अन् तीनशेच्या म्होरं?"

राहिलेले पुन्हा डबीत, मी म्हटलं.
झाकण लावतो. मोजत नाही.

तिचं हसू थांबलं.
फोन माझ्या हातात दिला, पडदा खाली करून,
आणि भाकरीचं पीठ काढायला उठली.

सोमवारी सव्वाचारला तीनशे झाले.
मॅडम मीटिंगला गेलेल्या, पंखा बंद,
बाहेर शिपाई दारं लावत येत होता.
बशीत अजून गुलाबी होतं, कडेकडेला, गाळात अर्धं रुतलेलं.
चौकोन साठच. साठही भरलेले.

ब्रश जिभेवर टेकवला.
तीनशे एक.
तीनशे दोन.

पाचची बस गेली.